सुपरवायझरची सही

अटी आणि शर्ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी अख्ख्या अमेरिकेत एकच व्यक्ती असेल, तर ती म्हणजे माझ्या बायकोची धाकटी मावसबहीण. एडिसन गावातल्या एका देशी दुकानात कार्डाच्या यंत्रावर उमटलेला मजकूर ती वाचत उभी राहिली, तेव्हा मागची रांग ढोकळ्याच्या काउंटरपर्यंत गेली होती. शाम्पूच्या बाटलीवर ‘पुन्हा एकदा लावा’ असं लिहिलेलं असेल, तर ती पुन्हा लावते. लिहिणाऱ्याने काहीतरी विचार केला असेलच, यावर तिची श्रद्धा आहे. माझी नाही. मी सरकारी नोकरी केलेली आहे.

नवरा सोडून गेल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी ती नर्सिंग शिकायला लागली. घर काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारच्या, मदतीवर चाले. मदतीचा नियम असा, की कॉलेज चालू असताना अभ्यास हेच काम. उन्हाळी सुट्टीत मात्र आठवड्याला तीस तास बिनपगारी काम करायचं आणि कागदावर सुपरवायझरची सही आणायची. सही नाही तर मदत नाही, आणि मदत नाही तर शेवटचं वर्ष नाही.

तिची नेमणूक झाली एका कॉलेजच्या तळघरातल्या जुन्या रेकॉर्ड विभागात. काम फायली लावण्याचं. शुक्रवारी तासांचा कागद कॉरिडॉरमधल्या सुपरवायझरच्या बंद दारासमोरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. सोमवारी तो सही होऊन तिथेच असे.

जुलैत तिची गाडी बिघडली, म्हणून भर दुपारी मी तिला आणायला गेलो. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. दिवे हालचाल असली की लागणारे. आम्ही जरा स्थिर बसलो की विझायचे. मग ती बोलणं न थांबवता डोक्यावरून एक फाईल फिरवायची आणि उजेड व्हायचा. अशाच एका अंधारात कॉरिडॉरच्या लांबच्या टोकाचा दिवा लागला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. त्या बंद दारापर्यंत येऊन ते थांबलं. माणूस नव्हता. पाऊल वाजलं नाही.

“साहेब आले,” ती म्हणाली आणि ओढणी नीट केली.

“कुठे आहेत?”

“मलाही अजून दिसले नाहीत, भाऊजी. फार कामात असतात.”

ऑगस्टअखेर काउंटीने तिला बोलावलं. सोबत मी गेलो. केस बघणाऱ्या बाईंनी सगळे कागद समोर पसरले. “हे गृहस्थ मार्चमध्ये वारले,” त्या म्हणाल्या. “या सह्या कुणी केल्या? खोट्या असतील तर एकही तास धरता येणार नाही.”

मेव्हणीने पर्समधून नियमांची प्रत काढली. पिवळ्या रेघा मारलेली.

“मॅडम, इथे ‘नेमलेल्या सुपरवायझरची सही’ एवढंच आहे. नेमणूक तुम्ही केलीत. ती रद्द केल्याचं लेटर मला आलेलं नाही. आणि तो जिवंत असावा, हे कुठल्या पानावर आहे?”

बाईंनी तिला कोऱ्या कागदावर तीच सही करायला लावली. जमली नाही. मग त्यांनी कपाटातून कॉलेजचा जुना करार काढला आणि त्यावरची त्या गृहस्थांची सही शेजारी धरली. शेवटच्या अक्षराच्या शेपटीपर्यंत तीच. बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि भराभर शिक्के मारले.

“पुढच्या वेळी तुम्हाला दुसरीकडे पाठवू,” त्या म्हणाल्या.

“का? त्यांची काही कम्प्लेंट आहे का?” मेव्हणीचा चेहरा उतरला होता.

गाडीत बसल्यावर तिने शेवटच्या आठवड्याची तिची प्रत मला दाखवली. शेऱ्याच्या रकान्यात त्याच शाईने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: काम नीटनेटकं. आभारी आहे.

“अठरा वर्षं एका घरात राबले,” ती म्हणाली. बेल्ट लावला, मग सोडला. “सुट्टी संपली म्हणून तशीच निघून आले, भाऊजी. त्यांना सांगितलंसुद्धा नाही.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही गाडी मी कॉलेजकडे वळवली. ती कागद हातात घेऊन आत गेली, आणि मी बाहेर थांबलो. बराच वेळ लागला. मी हॉर्न वाजवला नाही.