वहिनीचा घाबरलेला चेहरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतोय तेही धीर आला म्हणून नाही — भीती पोटात मावेनाशी झाली म्हणून.

मी विषय धरून फोटो काढतो आणि वेबसाइटवर विकायला ठेवतो, जाहिरातवाले घेतात. ‘पाहुण्यांची गडबड’, ‘परीक्षेची धास्ती’ — असले विषय. कळव्यात नवख्यांना शिकवतोही. खिडकीचा उजेड घ्या, कपड्यांवर कंपनीचं नाव नको, मजकुरासाठी एका बाजूला मोकळी भिंत सोडा, घरातलीच माणसं वापरा. अगदी छातीठोकपणे सांगतो. मग कुणीतरी विचारतं, सर, चेहऱ्यावर खरा भाव कसा आणायचा? — आणि मी विषय बदलतो.

माझ्या घरातलं माणूस म्हणजे वहिनी. कोपरीला राहते. आई गेल्यावर माझा डबा तिनेच भरला. फोटोसाठी काय काय केलं नाही तिने? डोकं दुखल्याचं सोंग केलं, रिकाम्या कढईत झारा हलवला. फोटो विकायच्या संमतीपत्रावर सही मागितली की न वाचता करायची. ‘तुम्ही बोलाल तसं, भाऊजी.’

त्या दुपारी विषय होता ‘फोनवरची वाईट बातमी’. वहिनीला काही जमेना. सारखं हसूच यायचं. मी तिला चहा टाकायला आत पाठवलं.

डोंबिवलीच्या एका मित्राला मी मेसेज केला. काय बोलायचं तेही मीच लिहून दिलं. वहिनी परत खिडकीपाशी येऊन बसली आणि तिचा फोन वाजला. तुमच्या मिस्टरांना घोडबंदर रोडवर ट्रकने उडवलंय, लगेच या.

नंतर मी दादाला फोन लावून तिला त्याचा आवाज ऐकवला. राँग नंबर असेल म्हणालो. फोटो डिलीट केले म्हणालो. विषय तोच आणि फोनही तसलाच, हे तिला सुचलंच नाही. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनात तरी कसं येणार?

तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की ती फोन लेकीकडे सरकवते. दादाला उशीर झाला की जेवत नाही. दादा तिला भित्री म्हणून चिडवतो. मीही हसतो. लाज वाटते, तरी हसतो.

आणि आता नौपाड्यातल्या एका लॅबच्या भिंतीवर विम्याची जाहिरात लागलीय. तिच्यात वहिनी आहे, त्या दुपारच्या फोटोतली. सोमवारी दादा तिला शुगर तपासायला तिथेच नेणार आहे. दुसऱ्या लॅबचं नाव सुचवून पाहिलं, त्याने ऐकलं नाही. मला झोप नाही. जाहिरातीतल्या बाईकडे बघून दादा काय म्हणेल? ती काय म्हणेल?

त्या फोटोत ती सरळ समोर बघतेय. म्हणजे माझ्याकडे. फोन कानाला तसाच धरून ती म्हणाली होती, ‘भाऊजी, बघा ना, ह्यांना काय झालंय.’ खोटं आहे गं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी कॅमेरा खाली केला नाही. फोटो हलू नये म्हणून श्वास रोखला आणि बटण दाबत राहिलो.