डावीकडे ओढणारी गाडी

सरळ रेषेवर आमच्या समोरच्या भाऊजींइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या जबलपुरात दुसरा सापडायचा नाही. कुणाच्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की हातातला चहा खाली ठेवून ते आधी उठतात. पंगतीत बसले की एक डोळा मिटून पानांची रांग तपासतात. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला सगळे डोळे मिटून उभे असताना भाऊजींनी पाट हळूच उजवीकडे सरकवला आणि मगच हात जोडले. माझा नीटनेटकेपणा तुम्हा नातवंडांना ठाऊक आहे, पण भाऊजींपुढे मी अगदीच पसारेवाली. नोकरीभर त्यांनी कारखान्यात तयार गाड्या तपासून पास किंवा नापास केल्या. निवृत्तीनंतर तपासायला उरलो आम्ही शेजारी आणि त्यांची स्वतःची जुनी पांढरी गाडी.

नेमकी तीच गाडी वाकडी चालू लागली. खड्ड्यांनी पुढची चाकं खडखडत होती, म्हणून भाऊजींनी अंगणातच जॅक लावून चाकांना धरून ठेवणारे आर्म, टाय रॉड, सगळं नवं बसवलं. खडखड थांबली, पण पहिल्याच फेरीत नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर गाडी आपसूक डावीकडे सरकू लागली. डावीकडे वहिनी बसल्या होत्या. "कठडा माझ्या अंगावर येऊन राहिला होता," त्या मला सांगत होत्या, "आणि हे म्हणतात, बघ, आवाज कसा बंद झाला." या गाडीत पुन्हा बसणार नाही, नागपूरला भावाकडे रेल्वेनं जाईन, असं त्यांनी सांगून टाकलं. वहिनींना शेजारी बसवून नागपूरच्या रस्त्यानं जायचं, याचसाठी तर भाऊजींनी गाडी घेतली होती. सरळ चालणारी असो की वाकडी, रिकाम्या सीटची गाडी घेऊन ते कुठे जाणार?

मग तपास सुरू झाला. आधी चाकांतली हवा पाहिली. नंतर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावली. दोष टायरचा असेल तर गाडी आता उजवीकडे ओढेल, असं त्यांनी मला फाटकातूनच समजावलं. गाडी डावीकडेच गेली. विजय नगरच्या एका दुकानात यंत्रावर अलाइनमेंट करून आणलं, तिथे पडद्यावर सगळे आकडे हिरवे. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, गाड़ी तो एकदम सीधी है." भाऊजी म्हणाले, "भैया, ये बात ज़रा गाड़ी को भी बता दो."

शेवटी माझ्याकडचा लोकरीचा गुंडा गेला. गाडीच्या दोन्ही अंगांनी लोकर ताणून चाकं किती तिरकी आहेत ते मोजायला भाऊजी जमिनीवर पालथे झाले. गाडीत नेहमीचं वजन नसेल तर माप खरं येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि वहिनी तर बसायला तयार नाहीत. तेव्हा त्यांनी वहिनींच्या सीटवर गव्हाचं पोतं ठेवलं आणि त्याला पट्टाही बांधला. वहिनी बाहेर आल्या.

"काहून हो, हे कोण बसलं?"

"तू."

"मी एवढी?"

"थोडा गहू काढून घेतला आहे."

पण त्या पोत्यानंच घोळ उघडा पाडला. एवढं वजन ठेवूनही गाडीची डावी बाजू खाली बसेना. भाऊजींनी वाकून डाव्या चाकामागे पाहिलं. आर्मच्या टोकाला रबर असतं. त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, नाहीतर रबर पिळून अडतं, हे त्यांनी कित्येकांना शिकवलेलं. उजवीकडे तसंच केलं होतं.

"डावीकडचे मी जॅकवरच आवळले," ते हळूच म्हणाले. "तू हाक मारली होती, वरण निवून राहिलं म्हणून."

"अच्छा, म्हणजे गाडी माझ्या वरणामुळं डावीकडे जाते?"

"मी कारण सांगतो आहे, दोष देत नाही."

"लोकांच्या गाड्या नापास करत आले, आता स्वतःची करा."

आणि त्यांनी खरंच खडूनं बोनेटवर 'नापास' लिहिलं. मग बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर घेतली, वजनासकट पुन्हा आवळले आणि दुकानात जाऊन अलाइनमेंट नव्यानं करून आणलं. परत आले तेव्हा वहिनी पर्स घेऊन फाटकात उभ्या. "माझ्या जागेवरून ते पोतं काढा," एवढंच म्हणाल्या. तिलवाऱ्यापर्यंत जाऊन आल्यावर मला सांगितलं, "पूल आपल्या जागी होता."

नागपूरही झालं. आता दोघं काही काम नसताना संध्याकाळी चक्कर मारून येतात. परवा गाडी येताना दिसली म्हणून त्यांचं फाटक उघडायला मी गेले, तर वहिनी डावीकडच्या सीटवर गाढ झोपल्या होत्या, मान खिडकीला टेकलेली. भाऊजींनी मला पाहून ओठांवर बोट ठेवलं, फाटकापाशी वेग कमी केला आणि न थांबता, अगदी सावकाश, कॉलनीची आणखी एक फेरी मारायला निघून गेले. मी फाटक धरून उभी राहिले.