दोन नंबरच्या खुर्चीचं नेट

मला वाटलं होतं, मी परत आल्यावर लोक मला आरोग्याबद्दल काहीतरी विचारतील. स्कॉटलंडमध्ये दोन वर्षं सार्वजनिक आरोग्य शिकले होते, तिथली नोकरी नाकारून आले होते, आणि परतीच्या विमानात एका नव्या वहीवर 'पहिले शंभर दिवस' असं लिहूनही ठेवलं होतं. कल्याणच्या एका धर्मादाय डायलिसिस सेंटरमध्ये समन्वयक म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी पहिल्या पेशंटने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, तुमच्या फोनला इथे रेंज येते का?"

"नाही येत," मी म्हटलं.

"मग तुम्ही पण दामले काकांचं नेट घ्या. सगळे तेच घेतात."

त्या वहीचं पहिलं पान अजून कोरं आहे. पण किस्से मात्र इतके जमलेत की काही विचारू नका. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, तीच सहा माणसं, त्याच सहा खुर्च्या. किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. असं मी एकदा म्हटलं, तर त्या सहांपैकीच एक, मोहन्याचे सकपाळ मामा म्हणाले, "बरंय तुमचं. आमच्यात नुसतं पाणी साचतं."

*

सेंटर एका इमारतीच्या तळघरात आहे. नौपाड्यातल्या घरी आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं शिकून तळघरात बसायला परत आलीस?" मी तिला समाजाचं ऋण वगैरे बरंच सांगितलं. रेंज येत नाही हे सांगितलं नाही.

रेंज फक्त एकाच जागी यायची. दोन नंबरच्या मशीनशेजारी उंचावर एक खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. त्या खिडकीत फोन ठेवला तर नेट मिळतं. म्हणून या शिफ्टचा एक नियम होता: दोन नंबरच्या खुर्चीवर जो बसेल त्याने आपला हॉटस्पॉट सगळ्यांना द्यायचा. ती खुर्ची डोंबिवलीच्या दामले काकांची. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डावर कारखान्यांचे नकाशे काढलेला माणूस. फोन तापतो म्हणून तो स्टीलच्या ताटलीत ठेवायचे आणि ताटली खिडकीत.

पासवर्ड होता आठ वेळा एक. डायलिसिसला एक हात सुयांना बांधलेला असतो, तो चार तास हलवायचा नाही. उरलेल्या एका हाताने अवघड पासवर्ड कोण टाकणार?

मी काकांना सुरक्षिततेबद्दल समजावलं. "काका, हा पासवर्ड कोणीही ओळखेल."

"ओळखू दे की. नेटसाठी या खुर्चीत येऊन बसायची ज्याची तयारी आहे, त्याला माझ्यातर्फे फुकट."

*

चार नंबरला तेजस. वय सव्वीस, आयटीत. ऑफिस घोडबंदर रोडला. त्याच्या किडन्या गेल्यात हे त्याने ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस सकाळची मीटिंग तो खुर्चीतूनच करायचा, कॅमेरा बंद ठेवून.

एकदा ऐन मीटिंगमध्ये त्याच्या मशीनचा अलार्म वाजला. पलीकडून साहेबांनी विचारलं, "हे काय वाजतंय?"

"रिव्हर्स घेतोय सर. घोडबंदरला अडकलेलो ना, यू-टर्न मारतोय."

सगळ्या खुर्च्या श्वास रोखून गप्प. वैशाली सिस्टरने धावत येऊन अलार्म बंद केला.

मीटिंग संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरच्या मंगलताई म्हणाल्या, "अरे, पण दर वेळी ट्रॅफिक? त्यांना संशय नाही येत?"

"ताई, घोडबंदरला चार तास अडकलो म्हटलं तर कोण संशय घेणार?"

सगळे हसले. मग तेजसच म्हणाला, "साहेब उलट काळजी करतात. म्हणतात, एवढ्या तरुण वयात रोजचा हा त्रास बरा नव्हे, घर बदल."

यावर कोणी हसलं नाही. तेव्हापासून मात्र तेजसचे साहेब लाइनवर आले की बाकीच्यांनी नेट सोडायचं असं ठरलं, म्हणजे त्याला स्पीड मिळेल. काका हात वर करायचे आणि मंगलताई बिचाऱ्या ऐन भांडणात मालिका थांबवायच्या.

*

मंगलताईंचं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र. माहेर संगमेश्वरकडचं. त्यांच्या पहिल्या नातीचं बारसं गावी होतं आणि नेमका गुरुवार. गुरुवार सोडता येत नाही. मग ठरलं की बारसं फोनवर बघायचं. काकांनी आदल्या मंगळवारीच जाहीर केलं, "गुरुवारी नऊ ते दहा हॉटस्पॉट फक्त मंगलताईंना. बाकीच्यांनी पेपर वाचावा."

ताई त्या दिवशी नवी साडी नेसून आल्या होत्या. सिस्टरने पदरावर प्लॅस्टिक घातलं, रक्ताचा डाग नको म्हणून. व्हिडिओ लागला. सून हसली, पाळणा दिसला, आणि तेवढ्यात तिकडे कोणीतरी फोन पाटावर आडवा ठेवून पाळणा हलवायला गेलं. पुढचा पाऊण तास ताईंना छताचा पंखा दिसला. गाणी ऐकू येत होती. नाव कानात सांगतात, ते काही ऐकू आलं नाही.

"अहो, हाक मारा की, फोन उचला म्हणावं," मी म्हटलं.

"नको. सगळ्यांचे हात भरलेले असतील."

दहा वाजता त्यांनी फोन बंद केला. काकांनी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," ताई म्हणाल्या. "पंखा नवा घेतलाय त्यांनी."

*

आता सकपाळ मामांचं सांगते. मोहन्याला जुन्या कारखान्याच्या वस्तीत एका खोलीत एकटे राहायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आल्या आल्या सिस्टरकडून फोन काकांच्या नेटला जोडून घ्यायचे आणि छातीवर पालथा ठेवून द्यायचे. चार तासांत एकदाही उघडून बघायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "मामा, तुम्ही नेटवर काय बघता?"

"काय नाय."

"मग जोडता कशाला?"

"दामलेसाहेबांच्या लिस्टला नाव येतं."

हॉटस्पॉट लावला की कोण कोण जोडलंय याची यादी दिसते. तेजसने प्रत्येकाच्या फोनला त्याचं त्याचं नाव देऊन ठेवलं होतं. काका सव्वासातला चष्मा लावून ती यादी वाचायचे, शाळेतल्या हजेरीसारखी. पाच आणि सहा नंबरचे दोघं पेशंट चारही तास झोपलेले असायचे, पण तेही आधी फोन जोडायचे आणि मग झोपायचे. काकांना धरून सहा माणसं, म्हणून यादीत पाच नावं. पाच भरली की काका म्हणायचे, "चला, सुरू करा सिस्टर." सिस्टरने तोवर मशीन कधीच सुरू केलेली असायची.

एका मंगळवारी नावं चारच झाली.

काकांनी तिथूनच मामांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "सकपाळ, कुठे आहात?"

"घरी. आज नाय येत. कंटाळा आला."

"कंटाळा इथे येऊन करा."

"साहेब, किती दिवस करायचं हे? काय उपयोग?"

काका म्हणाले, "उपयोगाचं आपण शनिवारी बोलू. तुम्ही येईपर्यंत मी नेट बंद करतोय. तेजसची मीटिंग आहे, ताईंची मालिका आहे. त्यांचं तुम्ही बघा."

आणि खरंच बंद केलं. तेजस आपल्या खुर्चीतून ओरडला, "मामा, दहाला साहेब येणार माझे. रिक्षा पकडा ना." ताईंनी आवाज चढवला, "सकपाळ, मी डब्यात तुमच्यासाठी बिनमिठाची भाजी आणलेय, ती काय टाकून देऊ?"

पाऊण तासाने मामा आले. सिस्टरने सुया लावल्या, फोन जोडून दिला. काका यादी बघून म्हणाले, "पाच."

मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचा खांदा बराच वेळ हलत होता.

*

हे सगळं बघून मी काय केलं? मी संतापले. एक आजारी म्हातारा माणूस पाच आजारी माणसांना स्वतःचं नेट वाटतो आणि संस्था बघत बसते, हे मला सहन होईना. नेट हा आता सोयीचा नाही, हक्काचा प्रश्न आहे, असं मी विश्वस्तांच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. दोन महिने मागे लागले. देणगीदार मिळवला. एका सोमवारी भिंतीवर पांढरा राउटर बसला आणि मंगळवारी सकाळी मी स्वतः प्रत्येकाच्या फोनमध्ये वाय-फाय जोडून दिलं.

दामले काका म्हणाले, "बरं केलंत. माझी बॅटरी वाचेल." त्यांनी खिडकीतली ताटली पुसली आणि पिशवीत टाकली.

तेजसने पहिल्यांदाच आरामात मीटिंग केली. मंगलताईंना मालिका अजिबात न थांबता बघायला मिळाली.

मामांचा फोन जोडला तेव्हा त्यांनी राउटरकडे बोट करून विचारलं, "याची लिस्ट कोण बघतं?"

"कोणी बघावी लागत नाही मामा," मी म्हटलं. "एकदा जोडलं की पुढच्या वेळी आपोआप जोडलं जातं. तुम्हाला काही करायलाच नको."

"बरं," मामा म्हणाले.

*

दोन आठवड्यांत सगळ्यांच्या कानांत इयरफोन आले. खुर्च्यांमधले पडदेही ओढले जाऊ लागले, कारण उजेडाने स्क्रीन नीट दिसत नाही. मी सिस्टरला विचारलं, "कसं वाटतंय?"

"मस्त. एकदम शांतता आहे मॅडम."

मी अहवालात 'पेशंटचं समाधान' या सदराखाली ते वाक्य जसंच्या तसं घातलं.

*

मामा त्या दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी येऊन गेले होते. मंगळवारी आले नाहीत. त्यांच्या मशीनवर एक तातडीचा पेशंट घेतला, त्यामुळे खुर्ची रिकामी दिसली नाही. गुरुवारी पुन्हा तसंच. रजिस्टरमध्ये दोन्ही दिवशी सिस्टरच्या अक्षरात 'गैरहजर' लिहिलेलं आहे. गैरहजर पेशंटला त्याच दिवशी फोन करायचा, हे माझ्या कामाच्या यादीत होतं. त्या आठवड्यात मी वाय-फायचा अहवाल लिहीत होते.

शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मामांच्या नंबरवरून होता. मी म्हटलं, "काय मामा, दोन वाऱ्या बुडवल्यात."

पलीकडे बाईचा आवाज होता. "मी शेजारची बोलते. सकपाळ मामा गेले आज सकाळी. त्यांच्या फाइलवर हा नंबर होता म्हणून केला."

मी विचारलं, "ते दोन वेळा आले का नाहीत?"

"मंगळवारी तयार होऊन बसलेले की. कपडे करून, पिशवी घेऊन, दाराशी. पाय सुजलेले. मी म्हटलं, मामा, रिक्षा आणू का? तर म्हणाले, थांब, आता फोन येईल."

"कोणाचा?"

"ते नाय बोलले. जेवणाच्या वेळेपर्यंत बसलेले. मग आत जाऊन झोपले. गुरुवारी परत तसंच. ताई, कोणाचा फोन यायचा होता?"

मी तिच्याकडून पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी सव्वासहालाच सेंटरला पोचले. स्टुलावर चढून राउटरची वायर काढली, तो भिंतीवरून उतरवला, त्याच्या खोक्यात घातला आणि खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं.

वैशाली सिस्टर दारात उभी होती. "बिघडला का मॅडम?"

"नाही," मी म्हटलं, आणि दोन नंबरचा पडदा सरकवून खिडकी उघडली.