काकीचा नंबर

"धरून रव हां, हाक मारतंय."

एवढं फोनवर बोलून काकी रिसीव्हर टेबलावरच्या विणलेल्या रुमालावर आडवा ठेवायची. मग पडवीच्या पायरीवर यायची, उजवा तळवा तोंडाशी धरायची आणि कुकारा घालायची. आमच्या घरासाठी एकच लांब कूऽऽ, शेवटाला वर चढणारी. ओहोळापलीकडच्या पार्वतीसाठी दोन आखूड. नाव घेऊन हाक मारली तर ती वाऱ्यात विरते, कुकारा बरोबर पोचतो, असं तिचं म्हणणं. ज्याचा कुकारा असेल त्याने हातातलं काम टाकून धावायचं. बाकीच्यांनी आज कुणाचा फोन आला याचा अंदाज करत बसायचं.

तुमच्याही वाड्यावर असं एखादं घर असेल, जिथला फोन सगळ्यांचा होता. आमचा पेडण्याचा वाडा डोंगराच्या पायथ्याशी, खोलगट जागेत. काकीचे यजमान काजू बीचा व्यापार करायचे. हंगामात रोज दर विचारावे लागत, म्हणून त्यांनी फोन घेतला. यजमान गेले, व्यापार थांबला, फोन राहिला. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. वाडा तिला काकी म्हणायचा, आणि बाहेरच्या माणसाला सांगताना फोनकाकी.

मी मये गावची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं माहेर त्या काळ्या रिसीव्हरमध्ये होतं. आई तळ्याच्या वाटेवरच्या बूथवरून फोन करायची. मी धापा टाकत पोचले की काकी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायला लागायची.

"बोल गो निवांत. माका कायच ऐकू येणां नाय."

मी फोन ठेवला की ती हात पुसत बाहेर यायची. "मगे, भावाच्या सोयरिकीचां काय ठरलां? आवशीक सांग, चेडवाक आधी घर दाखयात म्हणान."

मुलीला आधी घर दाखवा, असा आईला सल्लाही द्यायची. ऐकायची सगळं, पण तिच्याकडून एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेल्याचं मला आठवत नाही. कुणाचा व्हिसा अडकला, कुणाचं जमलेलं मोडलं, सगळं त्या भांड्यांच्या आवाजात राहिलं.

वाईट बातमीला मात्र कुकारा नसायचा. त्यासाठी ती चालत यायची. माझे वडील डिचोलीला खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावर सायकलवरून पडले, तेव्हा ती आमच्या तुळशीपाशी येऊन उभी राहिली. मी तिला पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "आधी पाणी पी," ती म्हणाली. मी पाणी पिईपर्यंत ती बोलली नाही. मग सगळं नीट सांगितलं. पायलटला, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला, निरोप तिने आधीच धाडला होता. मी वेळेत पोचले. वडील माझ्याशी बोलले, मग गेले. ते बोलणं मला मिळालं ते काकीमुळे.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. आमच्या खोलग्यात त्यांना रेंज नव्हती. बोलायचं तर वरच्या रस्त्याच्या मोरीपुलावर जाऊन उभं राहायचं. तरुणांना त्याचं काही नव्हतं. पार्वतीला होतं. तिचे गुडघे गेलेले, मोबाइलचा तिला धाक, आणि तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला. बोट कुठे लागेल आणि तो कधी जमिनीवर उतरेल याचा नेम नाही. उतरला की जो फोन दिसेल त्यावरून तो एकच नंबर लावायचा, काकीचा. मग दोन आखूड कुकारे. पार्वती पदर खोचून ओहोळावरच्या साकवावरून निघायची. ती पोचेपर्यंत काकी त्याला गप्पांत अडकवून ठेवायची. "जेवलंस काय? कित्यां जेवलंस? ह्यां काय जेवण म्हणतत?"

आणि मग फायबर आलं. म्हणजे मोठ्या रस्त्यापर्यंत आलं. खांबांवर काळ्या तारांची वेटोळी लटकू लागली आणि वाड्यावर कंपन्यांची माणसं फिरू लागली.

मी म्हापशाच्या एका शाळेचं ऑफिस सांभाळते. कुठलीही गोष्ट घ्यायची तर मी आधी आडव्या-उभ्या रेघा मारते. खासगी कंपनी, गावातला केबलवाला आणि सरकारी कंपनी असे तीन रकाने केले. वेग, राउटर, दुरुस्तीला किती वेळ, पावसात अनुभव काय, कराराची मुदत. शेजाऱ्यांनी हे काम माझ्यावरच सोपवलं होतं. खासगी कंपनी सरळ पुढे होती. आम्ही सगळे काकीच्या पडवीत जमलो आणि त्या कंपनीचा तरुण प्रतिनिधी फार छान बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकीने एकच विचारलं. "ह्यो माझो नंबर रवतलो मां?"

"आजी, तुम्हाला नवीन नंबर देऊ. लक्षात राहायला सोपा."

"जुनो कठीण आसा, असां कोणी सांगला तुका?"

सगळे हसले. ती हसली नाही. तेवढ्यात त्याच्याकडून कळलं की तांब्याची जुनी लाइन आता सरकारी कंपनीही बंद करणार आहे. तिने नवीन काही घेतलं नाही तर नंबर जाणार, आणि नवीन घेतलं तरी जाणार. ती पार्वतीकडे बघत म्हणाली, "मगे तो खंय लावतलो?"

तो, म्हणजे बोटीवरचा. त्याला नवीन नंबर कळवायचा कसा? त्याची बोट कुठे आहे तेच आम्हाला ठाऊक नसायचं. आणि कळवला तरी दहा वर्षं बोटांना पाठ असलेला नंबर तो कुठल्या बंदरात, किती घाईत लावणार होता!

माझ्या तक्त्यात "जुना नंबर" हा रकानाच नव्हता. मी तो आखला. दुसऱ्या दिवशी काकीला स्कूटरवर मागे बसवून सरकारी कंपनीच्या पेडण्याच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं की सरकारी फायबरवर हाच नंबर चालू ठेवता येईल. पण तुमच्या खोलग्यात एका घरासाठी तार ओढणार कोण? वाड्यातली बहुतेक घरं घेणार असतील तर कंत्राटदार येईल.

"म्हणजे सगळ्यांनी माझ्यासाठी हळू नेट घ्यायचां?" परत येताना ती मागून म्हणाली. "ऱ्हवांदे गो. कोणाक सांगू नको."

मी सांगितलं. घरोघरी जाऊन सांगितलं, तक्ता घेऊनच. खासगी कंपनीचा वेग जास्त आहे, दुरुस्तीही बहुधा लवकर होईल, हे लपवलं नाही. शेवटी नवा रकाना दाखवला. वरच्या घरचे भाऊ जरा कुरकुरले, कारण त्यांची लेक घरून काम करते. "सरकारी? तक्रार केली तर गणेशचतुर्थी ते गणेशचतुर्थी वाट बघावी लागेल." मग तक्त्याकडे बघत राहिले. "माझ्या मस्कतच्या नोकरीचा फोन तिथेच आला होता," ते म्हणाले. "मी आंघोळीला होतो. तिने त्या अरबाला धरून ठेवलं. कुठल्या भाषेत, ते देव जाणे." आणि सही केली. मला एकाही घरी दुसऱ्यांदा जावं लागलं नाही.

तार आली. काकीच्या टेबलावर हिरव्या दिव्याची पांढरी डबी बसली, तिला तिचा काळा फोन जोडला गेला, नंबर तोच जुना. तार जोडणाऱ्या माणसाने बजावलं, आजी, जुन्या फोनला वीज लागत नव्हती, हिला लागते. म्हणून मी एक छोटा इन्व्हर्टरही बसवून घेतला. माझ्या यादीतलं काम संपलं.

मग एक दिवस पार्वती माझ्या दारात आली. मुलाचा फोन येऊन फार दिवस झाले होते. ती रडत नव्हती, नुसती उभी होती. मी माझ्या मोबाइलवरून काकीचा नंबर लावला, आता नेटवरून मोबाइल घरातूनही लागायचा. लागला नाही. धावत गेले. डबीवरचा दिवा विझलेला. खटका बंद.

"काकी, हे बंद का?"

"कोण बोलणां नाय तर दिवो फुकट कित्याक जळूचो?" ती समजूत घालायच्या सुरात म्हणाली. "आणि वर गडगडता तेव्हा काढून ठेवतंय. तुमी सगळ्यांनी माझ्यासाठी घेतलास. जपूक नको?"

जपून ठेवलेल्या त्या फोनवर कुणाचाच फोन येऊ शकत नव्हता. मी समजावलं. तिचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे तेणां फोन केल्यान आसतलो?" रागावण्यात अर्थ नव्हता. मला एकच गोष्ट सुचली. मी डबी आणि फोन उचलून देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर ठेवली. म्हटलं, "काकी, हा नंदादीप समजा. विझवायचा नाही."

ते तिला पटलं. दुसऱ्या दिवशी डबीला हळदकुंकवाचं बोट लागलं होतं. सकाळी देवाची वात सारखी करून झाली की ती हिरव्या दिव्याकडे बघून हात जोडायची. आणि त्याच आठवड्यात, मी चुलीवर भात ठेवत असताना, दोन आखूड कुकारे ऐकू आले. मी खिडकीशी गेले. पार्वती साकवावर होती, एक चप्पल मागे राहिलेली.

आमचं नेट कधी कधी जातं. भाऊ अंगणात येऊन कंपनीला चार शब्द ऐकवतात, मग काकीच्या घराकडे बघून आत वळतात.

गेल्या वर्षी काकी आजारी पडली. तिच्या पुतण्याने तिला बांबोळीच्या इस्पितळात नेलं. जाताना तिने मला किल्ली दिली. "दिवो लाव. दोनय." एका सकाळी मी वात सारखी करत होते आणि फळीवरचा फोन वाजला. पुतण्या होता. त्यालाही तोच नंबर पाठ होता.

वाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मीच केलेला. एका निरोपात सगळ्यांना कळलं असतं. मी मोबाइल टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि चालत निघाले. पार्वती अंगणात तांदूळ निवडत होती. तिने मला चालत येताना पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. "आधी पाणी पी," मी म्हटलं.

नंबर आता माझ्या नावावर आहे. डबी आणि काळा फोन आमच्या देव्हाऱ्याशेजारी. परवा फोन वाजला, मागे भोंगे आणि समुद्राचा वारा.

"काकी?" तो सवयीने म्हणाला, आणि थांबला.

"धरून रव हां," मी म्हटलं, "हाक मारतंय."

पायरीवर गेले, तळवा तोंडाशी धरला. पहिला कुकारा चिरका निघाला, भाऊंचा कुत्रा तेवढा माझ्याकडे बघायला लागला. दुसरा बरा होता. ओहोळापलीकडचं दार उघडलं. पार्वती पदर खोचत साकवावर आली, आणि मी आत वळून रिसीव्हर उचलला.

"येता हां ती," मी म्हटलं. "तोपर्यंत सांग, जेवलंस काय?"