मैथिलीच्या अर्जातली अक्का

आमच्या बेंबळीतली पोरं शिवकन्याच्या ध्यानात नावानं कमी आणि वजनानं जास्त राहतात. "ह्यो माझा एक किलो आठशे," असं म्हणून तिनं एकदा मला अकरावीतला सहा फुटी भागवत दाखवला, तेव्हा तो लाजून माझ्याच मागं दडला होता. शिवकन्या गावची आशा सेविका. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी जायचं, सातव्या दिवशी जायचं, मग आठवड्याला एकदा. बाळ झोळीच्या काट्यात घालून तोलायचं, अंग गरम की गार ते बघायचं, पहिलटकरणीला पाजायला शिकवायचं. वीस वर्षं ती हेच करते आहे. माहेर मुरूमचं. दहावीला शाळेत दुसरी आली होती. अठरावं सरताच बब्रुवानशी लग्न होऊन ती इकडं आली. तिला नर्स व्हायचं होतं हे तिनं मला कधी सांगितलं नाही. तिची आई एकदा मुरूमहून आली होती, ती बोलता बोलता बोलून गेली.

मी चंद्रप्रभा, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. तुळजापूरचे वसंतराव माझे सख्खे मामा. त्यांची लेक, म्हणजे माझी मामेबहीण, लग्नानंतर अमेरिकेला गेली आणि तिची मुलगी मैथिली तिकडंच जन्मली, तिकडंच वाढली. गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये ती आजोबांकडे आली ती एक अर्ज डोक्यात घेऊन.

त्या अर्जाचं मामांनी मला फोनवर समजावून सांगितलं. आपल्याकडं बारावीनंतर परीक्षा दिली, मार्क पडले, की पोर डॉक्टरकीला लागतं. तिकडं तसं नाही. तिकडं आधी चार वर्षं साधं कॉलेज, मग पुन्हा अर्ज, मग चार वर्षं डॉक्टरकी. पण थोडी कॉलेजं अशी आहेत की ती शाळेतूनच पोर उचलतात आणि दोन्ही शिक्षणांची जागा एकदमच देतात. जागा मोजक्या, मागणारे हजारो. नुसते मार्क पुरत नाहीत. सतराव्या वर्षी तुझं मन इतकं पक्कं कसं झालं, हे निबंधात लिहून पटवावं लागतं. आजारी माणसांजवळ किती वेळ काढलास तेही सांगावं लागतं, आणि ज्यानं तुला काम करताना पाहिलं त्याचं पत्र जोडावं लागतं.

मामा म्हणाले, तुझ्या गावात दवाखाना आहे, महिनाभर पोरीला ठेवून घे. मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. नुसतं बघायचं, कुणाला हात लावायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि घरोघर फिरायचं ते शिवकन्याबरोबर, घरच्यांनी हो म्हटलं तरच.

पहिल्या दिवशी मैथिली तिला "आँटी" म्हणाली. शिवकन्याला ते काही रुचलं नाही. तिच्या मुरूमकडं, कर्नाटकच्या शिवेजवळ, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. "तसं म्हण," ती म्हणाली, आणि प्रश्न मिटला.

मैथिलीचं मराठी घरात ऐकून आलेलं. समजायचं बरंच, बोलताना 'तो भाकरी' आणि 'ती दवाखाना' व्हायचं. आमचं बेंबळीचं बोलणं तर तिच्या कानावरून निम्मं निसटून जायचं. पण पोरगी चालायला दमायची नाही. सकाळी आठला दोघी निघायच्या, जुलैच्या चिखलात चपला हातात घेऊन वस्तीवर जायच्या. परत आली की मैथिली वहीत आकडा टाकायची.

"काय लिहायलीस गं रोज?" शिवकन्यानं विचारलं.

"तास. किती तास काम पाहिलं ते अर्जात विचारतात."

शिवकन्याला ह्याची मोठी गंमत वाटली. तिचे स्वतःचे किती होतील म्हणून तिनं मला विचारलं. मी अठरा वर्षांचा गुणाकार मनातल्या मनात मांडला आणि मध्येच सोडून दिला.

तिसऱ्या आठवड्यात ती घटना घडली. कडूबाईची लेक दीपमाला बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली होती, दवाखान्यातच, सगळं नीट. तिसऱ्या दिवसाची भेट झाली होती, पुढची सातव्या दिवशी होती. पण पाचव्या दिवशी सकाळीच शिवकन्या आमच्या दारात आली आणि मैथिलीला म्हणाली, चहा राहू दे, चल. पुढचं मी दोघींच्या तोंडून ऐकलं, तसं सांगते.

कडूबाई दारातच उभी होती. "लेकरू लई शांत हाय," एवढंच ती म्हणाली. आत बाळ झोपलेलं होतं. शिवकन्यानं हात धुतले, उलटा हात आधी बाळाच्या पोटाला लावला, मग तळपायाला. पाय गार. काखेत थर्मामीटर लावला तर पंच्याण्णवच्या जवळपास, म्हणजे कमीच. छातीला लावलं तरी बाळ ओढून पीत नव्हतं. मग तिनं मैथिलीकडं बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या घड्याळात सेकंदाचा काटा हाय. पोट किती वेळा वर येतंय, मिनिटभर मोज. हात लावू नको."

मैथिलीनं मोजलं. अडुसष्ट.

"पुन्हा मोज."

दुसऱ्यांदा एकाहत्तर झाले. साठाच्या वर गेलं की थांबायचं नसतं. शिवकन्यानं तोवर १०८ ला फोन लावला होता. बाळाचे कपडे सोडवून तिनं त्याला दीपमालाच्या उघड्या छातीशी धरलं, वरून चादर गुंडाळली आणि टोपी घातली. गाडी येईपर्यंत ती दीपमालाशी साध्या गोष्टी बोलत राहिली, नाव काय ठेवणार वगैरे. मग बाळ-बाळंतिणीबरोबर धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात गेली. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. नऊ दिवस ते तिकडं राहिलं आणि बरं होऊन घरी आलं.

त्या नऊ दिवसांत मैथिलीनं तिचा निबंध लिहिला. साडेसहाशे शब्दांची मर्यादा होती, तिनं बाराशे लिहिले. इंग्रजी इतकं सफाईदार की माझ्या नोकरीची मला लाज वाटावी. बाळ घरी आलं त्या रविवारी दुपारी शिवकन्या माझ्याकडं आली आणि तिनं हक्कानं मागणी केली, की माझ्याविषयी काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मैथिली समोर बसली होती. निबंधात एक दूरचं, अंधारलेलं खेडं होतं. तिथं डॉक्टर नव्हता. एक अडाणी आजी होती, जिला आजारी बाळ शांत आहे ह्याचा आनंद झाला होता. एक गरीब, प्रेमळ आशा होती. आणि सात समुद्रांपलीकडून आलेली एक मुलगी होती, जिनं श्वास मोजले म्हणून बाळ वाचलं.

शिवकन्यानं शेवटचं वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, मीच कुठं भाषांतरात चुकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, हे बेंबळी न्हाय."

मैथिलीचा चेहरा पडला. शिवकन्या तिच्यावर रागावली नाही, पण तिनं सोडलंही नाही. "कडूबाईला आनंद झाल्ता म्हणून कुणी सांगितलं तुला? सकाळी सहाला तिनं फोन केला म्हणून आपण गेलो. शांत हाय म्हणजे रडंना झालंय, बरं न्हाय, असं ती सांगायली होती. तिनं हाक मारली नसती, तर सातव्या दिवशी जाऊन मी काय बघितलं असतं?"

फोनचं मैथिलीला ठाऊकच नव्हतं. शिवकन्या घाईत चल म्हणाली होती आणि पोरीनं कारण विचारलं नव्हतं. ती उठून आत गेली. संध्याकाळी जेवायलाही आली नाही. मला काळजी वाटली, मामांना काय सांगायचं म्हणून. सकाळी उठून बघते तर पोरगी अंगणात चप्पल घालत होती. म्हणाली, मावशी, कडूबाईंकडं जाते, एकटीच.

ती तिथं दुपारपर्यंत बसली. कडूबाई शेंगा फोडत होती, तीही फोडायला लागली. शब्द अडला की थांबून विचारायची, दीपमाला हसत हसत सांगायची. असं करत करत तिनं विचारलं, बाळ आजारी आहे हे तुम्हाला कसं कळलं. कडूबाईनं सांगितलं की पस्तीस वर्षांपूर्वी तिचं दुसरं लेकरू असंच शांत झालं होतं. सगळे म्हणाले, गुणाचं आहे, झोपतंय, झोपू द्या. तिसऱ्या दिवशी ते गेलं. "तवापास्नं म्या शांत लेकराला भ्येते," कडूबाई म्हणाली. हे दीपमालालाही त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

मैथिलीनं निबंध पुन्हा लिहिला. ह्या खेपेला त्यात अंधार नव्हता. 'शांत' ह्या एका शब्दाचा अर्थ आपल्याला कळला नाही, ज्या बाईला तो कळला होता तिला आपण अडाणी समजलो, आणि डॉक्टर झाल्यावर हीच चूक केली तर माणूस मरेल, एवढंच तिनं साडेसहाशे शब्दांत लिहिलं. तो वाचल्यावर मामा फोनवर जरा नाराज झाले. पोरीनं स्वतःची चूक अर्जात कशाला लिहायची, असं त्यांचं म्हणणं. मैथिलीनं ऐकून घेतलं आणि बदललं काही नाही.

राहिलं पत्र. डॉक्टर देतो म्हणाले होते, त्यांनी दिलंही, चांगलं चार ओळींचं. पण मैथिलीला शिवकन्याचं हवं होतं. शिवकन्या हात जोडायला लागली. दहावी शिकलेल्या बाईचं पत्र अमेरिकेत कोण वाचणार, उगी पोरीचं नुकसान व्हायचं. मी म्हटलं, अठरा वर्षं तू भेटीचं लिहितेस ना, तसंच लिही, जे दिसलं ते. दोन दिवसांनी तिनं भेटीच्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून आणलं. मी इंग्रजी केलं, पण मूळ माझ्याकडं ठेवून घेतलं. ते असं होतं:

"मैथिली माझ्याबरोबर सव्वीस दिवस फिरली. पहिल्या आठवड्यात ती फार घाई करत होती. लोक बसा म्हणायच्या आधी प्रश्न विचारत होती. मी सांगितल्यावर थांबायला शिकली. तिला घाण वास आला तरी तोंड वाकडं करत नाही. श्वास मोजायला सांगितले तेव्हा ती घाबरली होती, पण तिनं दोनदा मोजले आणि जो आकडा आला तोच सांगितला. कित्येक जण भीतीनं कमी सांगतात. तिची एक मोठी चूक झाली. चूक दाखवल्यावर ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी ज्या घरी चुकली त्याच घरी गेली. माझ्या घरात कुणी आजारी पडलं तर मी तिला बोलवीन. आता नाही, शिकल्यावर."

शेवटचे तीन शब्द काढू का म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या. खरं हाय ते."

मैथिली ऑगस्टमध्ये परत गेली. ती जायच्या आदल्या आठवड्यात माझ्या टेबलावर तिच्या अर्जांचे छापील कागद पसरलेले होते आणि शिवकन्या ते चाळत होती. चाळता चाळता, वर न बघता, ती म्हणाली, "बाई, बारावीला बाहेरून बसायचा फॉर्म असतो म्हणं. सतरा नंबरचा. माझा बी भरता का?"

मी कशासाठी म्हणून विचारलं नाही. नर्सिंगचं वय केव्हाच निघून गेलं होतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. फॉर्म भरला. दहावीची मार्कलिस्ट तिनं ट्रंकेतून काढून आणली, घडीवर फाटलेली, मागून पट्टी चिकटवलेली. बब्रुवानला तिनं फॉर्म भरल्यावर सांगितलं. तो म्हणाला, मग मला आधी सांगायचंस, फोटो जरा बरा काढला असता.

फेब्रुवारीत ती परीक्षेला बसली. तिच्या हॉलमध्ये भागवतही होता, तो बारावीला आला होता. पहिल्या पेपरला तिच्या हाताला घाम सुटला, तेव्हा त्यानंच तिला स्वतःचा रुमाल दिला.

मार्चच्या अखेरीला मैथिलीचा फोन आला, आणि तो मला नव्हता, शिवकन्याला होता. ती तेव्हा माझ्याकडंच होती म्हणून मला ऐकू आलं. नऊ कॉलेजांना अर्ज केले होते. दोघांनी मुलाखतीला बोलावलं, एकानं मुलाखतीत अर्धा वेळ शिवकन्याच्या पत्राविषयीच विचारलं. पण जागा कुणीच दिली नाही. चार वर्षांच्या साध्या कॉलेजात मात्र प्रवेश मिळाला होता. तुझं पत्र वाया घालवलं अक्का, असं काहीतरी ती म्हणाली.

शिवकन्यानं विचारलं, "तू डॉक्टर व्हायचंच न्हाई, असं म्हणले का त्ये?"

"नाही. चार वर्षांनी परत अर्ज करावा लागेल."

"मग कर की. तवा मी दुसरं पत्र देईन. ह्या पत्रात तू नुसती सव्वीस दिवसांची हायस."

पलीकडून हसू ऐकू आलं, रडूही. फोन ठेवल्यावर शिवकन्या मला म्हणाली, वाईट वाटलं बाई, पण चार वर्षं मोठी होऊन जाईल तर बरंच हाय.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. शिवकन्याला एकसष्ट टक्के पडले. इंग्रजीत त्रेचाळीस, ते मी माझ्याच खात्यावर घेतले. भागवतला तिच्याहून दोन टक्के कमी पडले, ह्याचं तिला इतकं अवघड झालं की पेढे द्यायला ती त्याच्या घरी शेवटी गेली.

मैथिली आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी फोन करते आणि 'ती दवाखाना' म्हणायची बंद झाली आहे. शिवकन्यानं मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं. स्वयंपाकघरातल्या पाटावर वही ठेवून लिहिताना तिची पाठ दुखायची. मागच्या पंधरवड्यात बब्रुवान धाराशिवहून टेम्पोत घालून एक टेबल घेऊन आला. दारातून ते आत जाईना, म्हणून त्यानं चौकट काढली, टेबल आत घेतलं आणि चौकट पुन्हा बसवली.