चौघाचौघांचा मोर्चा

कागलच्या अलीकडे आमचे गाव. सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा वडील खिडकीशी येऊन म्हणाले, "दंगा करू नगंस. पर नादारी घिऊनच ये." कॉलेजातली नादारी (गरीब मुलांची फीमाफी) बंद होणार होती. ती गेली की आमच्या घराण्यातले पहिलेच कॉलेज अर्ध्यावर सुटणार होते. म्हणून कोल्हापुरात कचेरीवर मोर्चा होता.

स्टँडवर मित्र दत्तू भेटला. परवानगी मिळाली म्हणाला. मग अटी सांगितल्या. जमावबंदी असल्यामुळे चौघाचौघांनी चालायचे, दोन गटांत भरपूर अंतर ठेवायचे, घोषणा द्यायच्या नाहीत. मला ते पटलेसुद्धा. मोर्चा दिसलाच नाही, तर शांतता बिघडेल कशी?

गंगावेशीत गवळी गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. आम्हीही उभ्याउभ्या पेला रिचवला.

"पावणं, मोर्चाला आलाईसा व्हय? मग असं मुक्यागत का?" गवळ्याने विचारले.

"घोषणांना परवानगी नाही," मी म्हणालो.

"आमच्या म्हशीस्नी तरी वरडाय कोन अडवत न्हाय की!"

त्याच्या दहाबारा म्हशी रस्ताभर पसरून पुढे निघाल्या. आम्ही कडेकडेने मागून.

कचेरीच्या फाटकात एक म्हैस बसली. साहेबांची मोटार आत अडकली. गवळ्याने शेपटी पिळली, हवालदाराने काठी आपटली. ती रवंथ करीत राहिली.

"अरं पोरांनो, बघताय काय? या समदी!" हवालदार ओरडला.

"समदी? की चौघंच?" मी भीतभीत विचारले.

"समदी म्हन्तो न्हवं! रेटा!"

सारे गट धावत आले. रेटायला ताल हवा, म्हणून दत्तूने सुरुवात केली, "नादारी—" आणि आम्ही, "द्या!" भर फाटकात, पोलिसांच्या हुकमाने, आमचा जमाव गर्जत होता. शेवटी म्हैस उठली. साहेबांनी मोटारीतूनच आमचा नादारीचा अर्ज घेतला. "शिस्तीची मुलं आहात. विचार करू."

दुपारी आम्ही निघालो तेव्हा फाटकावर ताजा हुकूम लागला होता: या रस्त्याने म्हशी नेण्यास सक्त मनाई.

घरी वडिलांनी विचारले, "गावली नादारी?"

"विचार करणार आहेत."

"आन तवर फी कोन भरंल?"

मी अजूनही शांततेच्याच बाजूचा आहे. पण आम्ही वाट सोडून चाललो, म्हणून आमचा विचार चालू आहे. म्हैस वाटेत बसली, तिचा निकाल दुपारपर्यंत लागला.