एक वाजताचा फोन

ती घटना आठवली की अजूनही सगळ्यात आधी आठवतो तो माझ्या टेबलावर वाजलेला फोन. तो मी घाईघाईने उचलला होता. त्याची लाज आजही गेलेली नाही.

दोन हजारनंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी वसईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही ठाणे ग्रामीणचे. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब साताऱ्याकडे गावी आणि मी पोलीस लाइनीतल्या एका खोलीत, डब्यावर. दिवस वालीवच्या कारखान्यांतल्या चोऱ्या, सोसायट्यांची पाण्यावरून भांडणं आणि बंदोबस्त यात संपायचा. शेअर म्हटलं की मला शेअर रिक्षा तेवढी ठाऊक.

खबर आणली स्टेशनजवळच्या एका पानवाल्याने. हा आमचा जुना खबऱ्या. बातमी देताना तो नेहमी समोरच्याकडे न बघता पानाला चुना लावत बसायचा.

"साहेब, आमच्या बाजूच्या शेअरवाल्याच्या गाळ्यात एक कॅप्टन बसतो. एक वाजता त्याला दिल्लीचा फोन येतो. दीडपर्यंत अख्खा गाळा विमान खरेदी करतो."

"विमान?"

"विमान कंपनीचे शेअर हो. लोकांनी लय पैसा टाकलाय. कायतरी लफडं हाय."

मी साध्या कपड्यांत दोन दिवस त्या गाळ्यात जाऊन बसलो. एका बाजूला कॉम्प्युटर, त्यावर हलणारे आकडे आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं. बहुतेक निवृत्त, काही दुकानदार, दोघे-तिघे केळीच्या बागा असलेले वाडीवाले. सगळ्यांचे डोळे एकाच शेअरवर होते. एक खाजगी विमान कंपनी तोट्यात चालली होती आणि दुसरी मोठी कंपनी तिला घेणार अशी हवा होती. एके दिवशी पेपरात यायचं की बोलणी सुरू आहेत, भाव चढायचा. दुसऱ्या दिवशी कंपनी म्हणायची की असं काहीच नाही, भाव पडायचा. मग कोणीतरी सांगायचं की टेकओव्हर नाही, रिस्ट्रक्चरिंग आहे, आणि तो शब्द न कळताच माणसं पुन्हा घ्यायला लागायची.

कॅप्टन कोपऱ्यात खिडकीजवळ बसत. साठी ओलांडलेले, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशात मोबाइल. एक वाजला आणि तो मोबाइल वाजला. गाळ्यात एकदम शांतता. कॅप्टन उठून खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. "हं... हं... कधी?... बरं." परत येऊन बसले आणि गप्प. कोणीतरी लगबगीने चहा पुढे केला. दोन घोट घेऊन ते हळूच म्हणाले, "दोन विमानांचं रंगकाम थांबवलंय. नव्या मालकाचा रंग लागायचा असेल, तरच असं करतात."

बस. सगळा गाळा काउंटरकडे धावला.

मला वाटलं, मासा सापडला. मुंबई-दिल्लीतला कोणी बडा माणूस अफवा पेरतोय आणि हा त्याचा हस्तक आहे. वर कळवायच्या आधी पुरावा हवा म्हणून मी थांबलो. तेवढ्यात बोलणी फिसकटल्याची बातमी आली आणि भाव चार-पाच दिवस घसरतच राहिला. त्याच आठवड्यात वसईजवळच्या होळी गावचा एक वाडीवाला तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आला. पन्नाशीचा, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग, अर्ज चार घड्या घातलेला.

"साहेब, विहिरीचं पानी खारं झालं. केळी जळाया लागली. वाडीचा एक तुकडा बिल्डरला दिला तो नवीन विहिरीसाठी. ते सगळं पैसं विमानात टाकलं. त्या कॅप्टननं माझ्या समोर सोताच्या कानाला फोन लावला, मंग सांगितलं. निसतं सांगितलं असतं तर मी नसतं टाकलं."

त्याचं शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार कॅप्टनना घेऊन आला. चौकशीत पहिल्याच तासात कळलं की हे कधी कॅप्टन नव्हतेच. एका विमान कंपनीच्या सामान विभागात त्यांनी आयुष्य काढलं होतं. बॅगांवर चिठ्ठ्या लावणं, सामान मोजणं, विमानात चढवून घेणं. कॅप्टन ही पदवी गाळ्याने दिलेली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. घरझडतीत मिळालं काय, तर पेन्शनचं पासबुक, जुना युनिफॉर्म आणि गॅसचं कार्ड. पंचांना बोलावल्याचं वाईट वाटावं असं घर. त्यांच्या नावावर एकही शेअर नव्हता, शेअरचं खातंसुद्धा नव्हतं.

माझा संशय उलट वाढला. स्वतः न घेणारा माणूस दुसऱ्यांना घ्यायला लावतो, म्हणजे त्याला पैसे दुसरीकडून मिळत असणार.

"दिल्लीवाला कोण?"

"सांगू शकत नाही, साहेब."

"किती देतो तुम्हाला?"

"काही नाही."

"फुकट कोण फोन करतं रोज?"

मी टेबल आपटलं, आवाज चढवला, कोठडीचं दार दाखवलं. माझा राग वसईत बराच प्रसिद्ध होता. पण माणूस हलेना. माझा अनुभव असा, की नाव न सांगणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, ज्यांना त्या नावाची भीती असते. दुसरा प्रकार मला तोवर भेटला नव्हता.

त्यांचा मोबाइल मी टेबलावर ठेवून घेतला होता. बोलता बोलता एक वाजला आणि तो वाजू लागला.

कॅप्टन ताडकन उठले. "साहेब, तो नका उचलू. पाया पडतो."

म्हटलं, आता सापडला. हवालदाराला त्यांना धरायला सांगितलं, फोन झडप घालून उचलला, बटण दाबलं आणि आवाज शक्य तितका म्हातारा करून म्हणालो, "हं, बोला."

पलीकडे काहीच नाही. "हॅलो, हॅलो," मी ओरडलो. दारातून ठाणे अंमलदार डोकावले. शेवटी कान बाजूला घेऊन मी स्क्रीनकडे पाहिलं. त्यावर घंटेचं चित्र होतं. गजर. रोज दुपारी एकचा, घंटीचा आवाज नेहमीच्या फोनचाच.

हवालदाराने कॅप्टनचा हात सोडला. नुकताच मीही कानाला रिकामा फोन लावून बोलत होतो आणि मला बघायला फक्त तीन माणसं होती. हे रोज वीस माणसांसमोर बोलत होते.

"औषधाचा गजर होता," कॅप्टन म्हणाले. "पहिल्या दिवशी वाजला तेव्हा कोणीतरी विचारलं, कॅप्टन, कुणाचा फोन? तोपर्यंत गाळ्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, दिल्लीचा. मग सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. त्या दिवशी नेमका भाव चढला, साहेब."

"आणि रंगकाम, विमानं?"

"चाळीस वर्षं विमानाखाली उभा राहिलो. एवढं रचता येतं."

मोबाइल कंपनीकडून आलेल्या यादीनेही पुढे तेच सांगितलं. तीन महिन्यांत त्यांना आलेले फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गॅसवाला, एक राँग नंबर आणि कंपनीच्या जाहिराती.

मी कागद ओढून जबाब लिहायला घेतला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. आरोपीने अधिकाऱ्याचं मनगट धरणं ही साधी गोष्ट नव्हे. पण मी सोडवून घेतलं नाही.

"साहेब, चारशे वीस लावा. कोर्टात उभं करा. मी फसवलं म्हणून सही देतो. पण मला फोन येत नव्हता हे त्या लोकांना सांगू नका."

इतक्या वर्षांच्या नोकरीत गुन्हा लावू नका म्हणणारे हजार भेटले. लावा म्हणणारा हा एकच.

पण फसवणुकीचा गुन्हा लावायचा तर फसवून लाभ घेण्याचा हेतू दिसावा लागतो. यांचा लाभ काय, तर रोजचा एक चहा आणि अर्धा तास वीस माणसं. उद्या कोर्टात पहिल्या फेरीत प्रकरण फुटलं असतं आणि तिथे हेच वाचून दाखवलं गेलं असतं, भर दुपारी. अर्ज निकाली काढायचा तर अर्जदाराला कारण सांगणं भाग होतं. म्हणजे त्यांना वाचवायचं, तर त्यांनी जे लपवायला सांगितलं तेच सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. आज विचाराल तर मी उत्तर देणार नाही.

वाडीवाला व्हरांड्यात बसला होता. "मंग फोनवर कोन होता?"

"कोणी नाही."

"रोज?"

"रोज."

त्याने तळव्यावरचा चिकाचा डाग अंगठ्याने खरवडला. मग म्हणाला, "माझी विहीर गेली साहेब. पन मी घरी गेलो तर शिव्या द्यायाला तरी बायको हाय." आणि अर्ज मागे घेतल्याच्या जबाबावर सही करून निघून गेला. त्याने गाळ्यात सांगितलं की आमच्या कोणी शिपायाने, ते ठाऊक नाही. पण कॅप्टन पुन्हा तिथे गेले तेव्हा एकाने मूठ कानाला लावून विचारलं, "काय कॅप्टन, दिल्ली काय म्हणते?" सगळे हसले. त्यानंतर ते तिकडे गेले नाहीत.

चौकशी चालू असताना मी त्यांना नेहमीच्या सवयीने सांगितलं होतं, "दर सोमवारी दहा वाजता येऊन हजेरी द्यायची." अर्ज निकाली निघाला, तरी पुढच्या सोमवारी ते दहाला हजर. ठाणे अंमलदारांनी आत येऊन सांगितलं, "साहेब, तो विमानवाला आलाय." मी म्हटलं, आता गरज नाही, घरी जा. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, बाकावर ताठ बसलेले.

मग मी कपाटातून एक कोरी जुनी वही काढली. रकाने आखले. तारीख, सही, शेरा. मी त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचो, ते सही करायचे, मी शेऱ्यात "हजर" लिहायचो. सरकारी कामकाजात याला काडीचा अर्थ नव्हता. वही बाहेर ठाणे अंमलदारांच्या टेबलावर असायची. ठाण्यातली पोरं सुरुवातीला हसली, मग त्यांना चहा आणून देऊ लागली. चहा पिताना ते कोणती कंपनी कोणाला घेणार ते सांगत आणि मी ऐकत असे. सोमवारचा डबा मला बरा लागायचा, एवढं कबूल करतो.

बऱ्याच महिन्यांनी एका सोमवारी त्यांनी माझ्या टेबलावर पेपर ठेवला. त्या तोट्यातल्या कंपनीला दुसरीने खरोखरच घेतलं होतं. शेअरचा भाव वर गेला होता. वाडीवाल्याने आपले केव्हाच पडत्या भावात विकले होते.

"गाळ्यात जाऊन दाखवा हा पेपर," मी म्हटलं.

"कशाला? इथे दाखवला की."

"तुमच्या दिल्लीवाल्याने बरोबर सांगितलं होतं म्हणायचं."

ते खळखळून हसले. मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

मग माझी बदली झाली, तडकाफडकी, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन दिवसांत चार्ज दिला. प्रलंबित गुन्हे, मुद्देमाल, हत्यारं, वॉरंटं, सगळ्याच्या याद्या केल्या, नव्या अधिकाऱ्याची सही घेतली. एवढा काटेकोर म्हणून माझं नाव होतं. सोमवारची हजेरी कुठल्याच रजिस्टरात नव्हती, त्यामुळे ती कुठल्याच यादीत आली नाही. सांगायची राहून गेली.

पुढे काय झालं ते ठाणे अंमलदारांनी मला सांगितलं, तेही आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर. मी गेल्यानंतरच्या सोमवारी कॅप्टन दहाला आले. नवे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी सरकारी रेकॉर्ड शोधायला लावलं, त्यात काही सापडलं नाही, आणि त्या खाजगी वहीचं नव्या साहेबांना सांगायला कोणी धजलं नाही. ते प्रेमाने म्हणाले, "आजोबा, तुमच्यावर काहीही नाही. तुम्ही मोकळे आहात. पुन्हा यायचं नाही." कॅप्टन "बरं साहेब" म्हणाले आणि छत्री घेऊन गेले. परत आले नाहीत. वर्षभरात त्या फ्लॅटला दुसऱ्याच नावाची पाटी लागली. ते गेले कुठे, की गेलेच, हे सोसायटीत कोणालाही सांगता आलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एवढंच शिकवलं, की कोणालाही "तुम्ही मोकळे आहात" म्हणण्याआधी तो जाणार कुठे ते विचारावं. आता मी विरारला राहतो. बायको गेली, मुलं आपापल्या ठिकाणी. सोमवारी दहा वाजता माझंही आवरून झालेलं असतं.

ठाणे अंमलदारांनी ती वही जपून ठेवली होती, ती त्यांनी मला दिली. पानापानावर कॅप्टनची वळणदार सही आणि पुढे माझ्या अक्षरात "हजर". फक्त शेवटच्या ओळीत तारीख आहे, सही आहे आणि शेरा कोरा आहे. नव्या अधिकाऱ्यांनी आत बोलावण्याची वाट बघताना, त्या दिवशी ते बाहेरच्या टेबलावरच्या वहीत सही करून बसले होते.

सगळ्या नोकरीत मी एकही नोंद मागाहून केली नाही. साहेबांनी सांगितलं तरी केली नाही. परवा मात्र पेन घेतलं आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, हजर.